तळ्याकाठची साइट: अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांमधल्या कॅम्पिंगचे तुमचे अनुभव सांगा

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका जोडप्याचा फोन आला. "नॅशनल फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडमध्ये अगदी पाण्याला लागून साइट मिळालीय. काय काय नेऊ?" मी यादी सांगायला लागले आणि पाचव्या मिनिटाला माझी यादी 'हे करू नका, ते करू नका' यावर घसरली. मग वाटलं, माझ्या एकटीच्या फजित्यांवर त्यांनी का भागवावं? तुम्हीही सांगा. विशेषतः एक गोष्ट मला विचारायचीच आहे: ती पाण्याकाठची साइट, म्हणजे तंबूची ठरलेली जागा, जिच्यासाठी आपण सहा महिने आधी कॉम्प्युटरसमोर बोटं आवळून बसतो, ती खरंच तेवढी मोलाची असते का?

नवख्यांसाठी थोडं सांगते. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही वेगळी खाती. फॉरेस्ट सर्व्हिस 1905 सालची, शेती खात्याखाली येते. पार्क सर्व्हिस 1916 ची, ती दुसऱ्या खात्याकडे. आपली मंडळी पार्कं पालथी घालतात आणि देशभरातली 154 राष्ट्रीय वनं तशीच राहून जातात. या वनांमध्ये लाकूडतोड चालते, गुरं चरतात, शिकार होते आणि तंबूही पडतात. कॅम्पग्राउंड साधीच असतात. एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, बिनपाण्याचा संडास, कुठे नळ तर कुठे हातपंप. अंघोळीची सोय क्वचित, आणि फोनला रेंज नाही असंच धरून चाला.

आता माझी फजिती. पहिला कॅम्प मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, हायावाथा नॅशनल फॉरेस्टमधल्या एका लहानशा तळ्यावर. जूनचा शेवट. तिकडे त्या दिवसांत रात्री साडेनऊच्या पुढेही उजेड असतो, या भरवशावर आम्ही दुपारी आरामात निघालो. मॅकिनॉ पुलाच्या अलीकडे थांबून फोटो काढले, पलीकडे जाऊन पुन्हा काढले. पोहोचलो तेव्हा पावणेअकरा. शांततेची वेळ दहाला सुरू झालेली. सगळं कॅम्पग्राउंड निजलेलं आणि आमच्या गाडीचे दिवे एकेकाच्या तंबूवरून फिरतायत. दार उघडलं की गाडी 'टिंग टिंग' करून सगळ्यांना कळवायची. नवरा तंबूच्या दांड्या हातात धरून माझ्याशी कुजबुजत भांडत होता. कुजबुजत भांडायला किती दम लागतो ते त्या रात्री कळलं.

तंबूबरोबर आम्ही एक ऐसपैस ताडपत्री घेतली होती. तंबूखाली अंथरली, चारी बाजूंनी हातभर बाहेर. दिसायला अंगणासारखी. चपला काढायला जागा झाली म्हणून मी खूशही झाले. पाऊस साडेतीनला आला. छपराने आपलं काम चोख केलं, एक थेंब आत येऊ दिला नाही. पण छपरावरून ओघळलेलं पाणी जमिनीत मुरायच्या ऐवजी माझ्या त्या अंगणात साचलं आणि तिथून उताराने सरळ तंबूखाली शिरलं. ताडपत्री आणि तंबूचा तळ यांच्या मधोमध. मी झोपेत कूस बदलली तर अंगाखाली काहीतरी हललं. हात टेकवला, तर लिबलिबीत. पहाटे तळ पाझरायला लागला. मुलगी तेवढी कोरडी राहिली, कारण ती बापाच्या पोटावर झोपली होती.

सकाळी शेजारच्या साइटवरचे आजोबा कॉफीचा कप घेऊन आले. कप टेबलावर ठेवला, वाकले, ताडपत्रीची एक कड धरून तंबूखाली दुमडली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी माझ्या नवऱ्याने दुमडली. आजोबांनी मान डोलावली, कप उचलला आणि गेले. एक शब्द नाही. तेव्हापासून आमची ताडपत्री तंबूपेक्षा वीतभर लहानच असते.

लाकडांचंही सांगून टाकते. परसात पडलेल्या ॲश झाडाच्या फांद्या आम्ही फुकटच्या म्हणून डिकीत भरल्या होत्या. शेजाऱ्याने पाहिल्या आणि हटकलं म्हणून वाचलो. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत किडा 2002 मध्ये डेट्रॉइटच्या आसपास सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली दडतात आणि लोकांच्या सरपणातून गावोगाव पोहोचतात. ॲशची कोट्यवधी झाडं या किड्याने खाल्ली. तेव्हा लाकूड जिथे जाळायचं तिथलंच घ्या. बहुतेक ठिकाणी कॅम्प होस्ट, म्हणजे कॅम्पग्राउंडची देखभाल करणारा, मोळ्या विकतो, किंवा वाटेत कुणाच्या तरी फाटकापाशी पैसे टाकायचा डबा ठेवलेला असतो.

आता तुम्ही.

कॅलिफोर्निया

ताई, तुमचं पाणी खालून आलं, आमच्याकडे पाहुणा जंगलातून आला.

लेक टाहोच्या दक्षिणेला फॉलन लीफ लेकजवळचं कॅम्पग्राउंड. तिथे प्रत्येक साइटवर बेअर बॉक्स असतो, जाड पत्र्याची कपाटासारखी पेटी. तिची कडी एका झाकणाआड असते, हात खालून घालून उचलायची. अस्वलाचा पंजा त्यात मावत नाही. आम्ही शहाण्यासारखं सगळं खाणं पेटीत भरलं आणि गाडी कुलूप लावून मोकळे झालो. संध्याकाळी कॅम्प होस्ट बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, उन्हाळाभर ट्रेलरमध्ये राहून हे काम करतात. म्हणाल्या, गाडीत काही वासाचं? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी बॅटरी मारली ती सरळ मुलाच्या कारसीटवर. बिस्किटांचा चुरा. मग दाराच्या कप्प्यातलं सनस्क्रीन, टूथपेस्ट, बायकोच्या पर्समधलं च्युइंगगम. प्रत्येक वस्तू निघाली तशी मी लहान होत गेलो. शेवटी आईने दिलेली हिंगाची डबी निघाली, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. बाईंनी ती नाकाशी नेली, झटकन लांब केली आणि विचारलं, हे खातात? अस्वलाच्या नाकाला आपल्या तीन पिशव्यांचं कौतुक नाही. तिकडची अस्वलं गाडीचं कुलूप न लावलेलं दार पंजाने खेचतात आणि आतून बंद झालं की सीटांचा भुगा करून ठेवतात.

रात्री दोनच्या सुमाराला 'खण्ण' असा आवाज आला. मग जरा वेळाने पुन्हा. कुणीतरी शांतपणे, घाई न करता आमची पेटी चाचपून पाहत होतं. बायकोने माझं मनगट धरलं ते सकाळी वळ दिसेपर्यंत. मग पावलं शेजारच्या साइटकडे गेली, तिथून एक 'खण्ण', मग त्यापुढच्या. पोस्टमन पत्रं टाकत जावा तसं. उजाडल्यावर पेटीच्या दारावर चिखलाचा पंजा होता, माझ्या दोन हातांएवढा.

बाई म्हणाल्या होत्या ते डोक्यात बसलंय: माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल रानात परत रमत नाही, शेवटी त्याला मारावं लागतं. चुरा आपल्या मुलाचा आणि जीव त्याचा जातो.

पाण्याकाठच्या साइटचं म्हणाल तर आमची आतल्या रांगेत होती, पाण्यापर्यंत थोडं चालावं लागायचं. काही बिघडलं नाही. टाहोचं पाणी सहा हजार दोनशे फुटांवर आहे. ऑगस्टमध्येही रात्री कानटोपी लागते, आणि काठावर वारा आणखी बोचतो.

ह्यूस्टन

आम्ही जुलैत गेलो. सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट, डबल लेक. जागा देखणी आहे, 1930 च्या दशकात बेकार तरुणांना सरकारी काम मिळालं त्यातून हे तळं आणि आसपासचं बांधकाम झालेलं. पण जुलै. रात्री अकरा वाजता तंबू म्हणजे इडलीपात्र. एक वाजता मुलं, उशा, कुलर सगळं गाडीत टाकून एसी लावला आणि दोन वाजता मोटेलच्या काउंटरवर उभे होतो. तंबू तिथेच सोडला होता. सकाळी परत जाऊन उपटला.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच.

मिनेसोटा

मला मात्र पाण्याकाठची साइट हवीच, आणि कारण आहे.

आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिला सुपीरियर नॅशनल फॉरेस्टमध्ये सॉबिल लेकला नेलं. लेक सुपीरियरच्या काठावरच्या टॉफ्टी गावातून आत वळलं की चोवीसेक मैलांवर रस्ताच संपतो. तिथे हे कॅम्पग्राउंड. त्यापुढे बाउंड्री वॉटर्स, दहा लाख एकरांहून जास्त रान आणि पाणी, बहुतेक ठिकाणी नुसत्या वल्ह्यांच्या होड्यांचं. आईला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आणि जायचं कुठे?" म्हणजे संडास. दाखवला. तिने नाक धरून आत डोकावलं, बाहेर येऊन म्हणाली, "आमच्या लहानपणी याहून वाईट होता."

पहिल्या रात्री मी दमून झोपले. मध्यरात्री आईने हलवलं. "उठ. कोणीतरी बाई रडतेय." मी कान दिला. तळ्यावरून एक लांबलचक हाक येत होती, वर चढणारी, मग जरा मोडून खाली येणारी. मग गप्प. मग पलीकडच्या काठावरून तशीच दुसरी. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आणि मग एकदम खिदळणं, वेड लागल्यासारखं. आईने माझा हात सोडला आणि रामरक्षा सुरू केली.

लून. इथला राज्यपक्षी. त्याच्या हाका चार तऱ्हेच्या. ती लांब हाक म्हणजे 'मी इथे आहे, तू कुठे'. खिदळल्यासारखी असते ती भीतीची, कुणी जवळ आलं की. एक फक्त नर काढतो, हद्द सांगायला. आणि चौथी अगदी हळू, घरातल्या घरात बोलल्यासारखी, पिल्लांशी आणि जोडीदाराशी. ती ऐकायला तंबू काठावरच हवा. हे सगळं मी आईला अंधारात सांगितलं. ती म्हणाली, "मग तो विचारतोय आणि ती उत्तर देतेय, आपण मधे कशाला बोलायचं," आणि आम्ही दोघी दार थोडं उघडून बसून राहिलो.

सकाळी तो दिसला. काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढरे चौकोन मोजून भरल्यासारखे. पाय इतके मागे की जमिनीवर धड चालता येत नाही. पण बुडी मारली की आपण जिथे बघतोय तिथे कधी वर येत नाही. पाठीवर एक पिल्लू बसलं होतं. आई त्या दिवशी कुठे फिरायला आलीच नाही, खुर्ची टाकून त्याची बुडी मोजत बसली.

दोन तक्रारीही नोंदवते. एक, डास. काठावर वारा असतो तोवर ठीक. वारा पडला की जाळीची टोपी घाला आणि लाज सोडा. दोन, लोक जेवलेली भांडी थेट तळ्यात विसळतात. साबण 'निसर्गस्नेही' असला तरी पाण्यात नको. पाण्यापासून सत्तर पावलं लांब जा, तिथे मातीत ओता. आपल्या तेलातुपाची भांडी असतील तर आधी कागदाने पुसा आणि तो कागद घरी न्या.

बोइसी, आयडाहो

बुकिंगबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि नावाजलेल्या तळ्यांच्या काठच्या साइट काही मिनिटांत जातात. पण सगळ्या साइट बुकिंगच्या नसतात. जिथे 'आधी येईल त्याला' असतं तिथे आत शिरताना फलकाशेजारी पाकिटं असतात. आधी रिकामी साइट शोधायची, मग पाकिटात पैसे घालून वर नाव, गाडीचा नंबर, किती रात्री ते लिहायचं, चिठ्ठी फाडून साइटच्या खांबाला अडकवायची आणि पाकीट जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळकांड्यात सोडायचं. ते नळकांडं सुटे परत देत नाही! मी एकदा पन्नासची नोट घेऊन उभा होतो, रात्रीचे झाले होते वीसेक डॉलर. आता काही ठिकाणी क्यूआर कोडही असतो, पण रेंज नसेल तर ॲप घरूनच उतरवून न्या. सोमवार ते बुधवार गेलात तर काठावरची जागासुद्धा मिळते. रविवारी दुपारी बारा-एकला पोहोचा. लोक तंबू गुंडाळत असतात, कोण उठतंय ते बघत हळूहळू चक्कर मारायची. लग्नाच्या पंगतीत पानामागे उभं राहतात तसं वाटतं, पण चालतं.

आम्ही असेच रेडफिश लेकला पोहोचलो, सॉटूथ नॅशनल फॉरेस्टमध्ये. समोर करवतीच्या दातांसारखे डोंगर, साडेसहा हजार फुटांवर तळं. नाव रेडफिश का, तर इथे सॉकाय सामन मासा अंडी घालायला येतो तेव्हा लालभडक होतो. पॅसिफिकपासून नऊशे मैल, नदीला उलटा, वाटेत आठ धरणं. 1991 मध्ये तो संकटग्रस्त यादीत गेला आणि 1992 मध्ये अख्ख्या मोसमात इथवर एकच मासा पोहोचला. एक नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोन्सम लॅरी', एकटा लॅरी. त्याच्यापासून आणि बाकी उरल्यासुरल्या माशांपासून पैदास करून आता हे वाण टिकवून धरलंय. हे सगळं फलकावर वाचताना माझा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, तो आला तेव्हा इथे कोणीच नव्हतं?" नंतर तीन दिवस त्याने पाण्यात एकही दगड मारला नाही.

रात्रीचं आकाश वेगळंच. 2017 मध्ये मध्य आयडाहोचा हा भाग अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, या देशातलं तसं पहिलंच. ऑगस्टच्या बारा-तेरा तारखेला पर्सिड उल्का असतात. चंद्र नसेल असं वर्ष बघून जा. आणि कृपा करून तंबूवर रंगीत दिव्यांच्या माळा लावू नका. शेजाऱ्यांनी लावल्या होत्या. मी दोनदा गेलो आणि दोनदा 'हॅलो' म्हणून परत आलो.

कोलोरॅडो

संडासाचा विषय निघालाच आहे तर. त्या बिनपाण्याच्या संडासाला मागे एक जाड, उंच, काळा पाइप असतो ना, तो उगाच काळा नाही. उन्हाने तापतो, आतली हवा वर चढते आणि तिच्या ओढीने भांड्यातून हवा खाली जाते, म्हणजे वास तुमच्याकडे न येता छपरावरून निघून जातो. म्हणून बांधताना तो उन्हाच्या बाजूला ठेवतात. लोक दार सताड उघडं टाकून जातात आणि कचरा आत फेकतात, तो मग कुणालातरी आकड्याने काढावा लागतो. मी एकदा ते काम चाललेलं पाहिलंय. दही खाऊन झाल्यावरचं प्लास्टिक, डायपर, एक अख्खी खुर्ची.

आणि तंबू टाकण्याआधी एकदा वर बघा. आमच्याकडे पाइनच्या झाडांना भुंग्यांनी पोखरलंय, वाळलेली झाडं उभ्या उभ्या पडतात. सावली छान म्हणून ज्याखाली बसाल त्याला हिरवी पानं आहेत ना, एवढं पाहा.

पोर्टलंड, ओरेगन

माझी गोष्ट मी अजून घरी नीट सांगितलेली नाही.

वॉल्डो लेक, विलामेट नॅशनल फॉरेस्ट. पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळाच्या दगडांवर दिसते. पेट्रोलच्या मोटरबोटींना तिथे बंदी, त्यामुळे सकाळी जी शांतता असते ती सांगून कळायची नाही. आमच्याकडे फुगवायची दोन माणसांची होडी. मी आणि मेव्हणा सकाळी आठला निघालो. पाणी आरशासारखं. पश्चिमेच्या काठावर कॅम्पग्राउंड नाही, रस्ता नाही. तिकडे जाऊन बसलो, सँडविच खाल्ली, मेव्हणा झोपला. मीही.

उठलो तेव्हा एक वाजला होता आणि तळं वेगळं होतं. पांढरे फेस असलेल्या लाटा. डोंगरातल्या तळ्यांवर दुपारी वारा उठतो हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. फुगवलेली होडी हलकी, तिला कणा नाही. वल्हं मारलं की ताटासारखी गरगर फिरायची. तळ्याच्या मध्यावर मेव्हणा म्हणाला, "आपण कॅम्पकडे चाललोय ना?" चाललो नव्हतो. वारा नेईल तिकडे जात होतो. लाइफ जॅकेट होती, पण माझं मी उशाला घेतलं होतं आणि ते आता माझ्या पायाशी ओलं पडलेलं. घालायला दोन्ही हात सोडावे लागणार आणि हात सोडले की होडी आडवी होणार. शेवटी मेव्हण्याने वल्ही घेतली आणि मी बसल्या बसल्या ते चढवलं. बक्कल लागेपर्यंत बोटं थरथरत होती. पाणी थंडगार होतं. पडल्यावर पहिल्या मिनिटात माणूस पोहायचं विसरून नुसता श्वास घ्यायला धडपडतो, आणि त्याच वेळी तोंडात पाणी जातं. हे मला माहीत होतं आणि तेव्हा तेच आठवत होतं. मदतीला येईल अशी मोटरबोट त्या तळ्यावर नव्हती.

काठाला लागलो, पण निघालो होतो तिथून मैलभर उत्तरेला. चपला कॅम्पवर. होडी डोक्यावर घेऊन अनवाणी पायवाटेने आलो. बायकोने विचारलं, "मजा आली?" मेव्हणा म्हणाला, "खूप."

पाण्यात जायचं ते सकाळी, आणि दहा-अकराला बाहेर. जॅकेट अंगावर. उशाला टॉवेल घ्या.

सॅक्रामेंटो

आमचा अनुभव न गेल्याचा आहे. 2021 च्या लेबर डेसाठी, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुट्टीसाठी, सिएरातली काठावरची साइट मार्चमध्येच मिळाली होती. ऑगस्टमध्ये कॅल्डॉर आग लागली, साउथ लेक टाहो शहर रिकामं करावं लागलं आणि महिनाअखेरीस कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वनं लोकांसाठी बंद झाली. पैसे परत आले. मुलांनी दिवाणखान्यात तंबू लावला. खिडक्या बंद, बाहेर नारिंगी उजेड.

तेव्हापासून मी शेकोटी विझवताना चेष्टेचा विषय झालोय. पाणी ओततो, काठीने ढवळतो, पुन्हा ओततो, आणि मग राखेजवळ हाताची उलटी बाजू नेतो. ऊब लागली तर परत पाणी. वरून माती लोटणारे पुष्कळ. मातीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. आणि निघण्याआधी आगीचे निर्बंध बघा. कडक बंदी असेल तर कड्यातली शेकोटीही चालत नाही, बटणाने बंद होणारी गॅसची शेगडी तेवढी चालते.

पिट्सबर्ग

सगळं वाचतेय. साइटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण बाबांचं सांगते.

बाबांकडे ग्रीनकार्ड आहे. 62 वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना सीनियर पास मिळतो आणि बऱ्याच वनांमध्ये साइटचं भाडं निम्मं होतं. (पर्यटक व्हिसावर आलेल्यांना नाही मिळत. आणि पास ज्याचा आहे तो माणूस बरोबर हवा.) बाबांनी ही सवलत ऐकली आणि मग जायचंच ठरलं.

ॲलेगेनी नॅशनल फॉरेस्ट, सप्टेंबरचा शेवट. पाण्याकाठची साइट. बुकिंगच्या पानावर मी 'लेक' वाचलं होतं आणि घरीही तळं तळं म्हणूनच सांगितलं होतं. बाबा गाडीतून उतरले, काठापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "हे तळं नाही. धरणाचं पाणी आहे."

मी विचारलं, कशावरून? त्यांनी बोट दाखवलं. काठावर गवत एका रेषेत संपत होतं, आणि त्याखाली पाण्यापर्यंत उघडा, भेगाळलेला चिखलाचा पट्टा. "तळं असं उतरत नाही. हे कोणीतरी सोडलंय."

बाबांचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. ते तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. आमच्या घरी हा विषय कधी निघत नाही.

मला शोधायला रेंज नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी गावात गेलो तेव्हा वाचून दाखवलं. किंझुआ धरण, 1965. सेनेका या इथल्या मूळ रहिवासी लोकांची दहा हजार एकर जमीन त्यात गेली, सहाशेच्या आसपास माणसं उठली. 1794 चा करार होता त्यांच्याशी, जमिनीला हात लावणार नाही असा. कबरीसुद्धा उकरून वर न्याव्या लागल्या. बाबा ऐकत होते. मधेच त्यांनी पुन्हा विचारलं, काय म्हणालीस नाव? सेनेका. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

दोन्ही सकाळी मी उठायच्या आधी त्यांची खुर्ची पाण्याकाठी गेलेली असायची. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले. पाण्यावर धुकं होतं. चहा घेताना म्हणाले, "आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचं जोतं वर यायचं. आम्ही बघायला जायचो." मग समोर बघत विचारलं, "यांचं काय वर येतं?"

मला सांगता आलं नाही. चहा संपला तरी ते बसून होते, आणि मी साइटवर येऊन तंबूच्या खुंट्या उपटायला घेतल्या.